टेम्परेचरचा काटा वरखाली नाचतोय : गाडी खरंच तापतेय की काटाच खोटं बोलतोय?

निळी_हॅचबॅक (प्रश्न)

मंडळी, मदत हवी आहे. गाडी २०१४ ची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, ९८ हजार किलोमीटर झालेली. टेम्परेचरचा काटा एका जागी थांबतच नाही.

सकाळी गार इंजिन चालू केलं की काटा नेहमीसारखा मध्यावर येतो, तोवर सगळं ठीक. सिग्नलला उभी राहिली की पाऊण भागापर्यंत चढतो, कधी हळूहळू तर कधी झटकन. मग एकदम मध्याच्याही खाली पडतो आणि परत चढतो. हायवेला ८०-९० च्या वेगात मध्याच्या किंचित खाली असतो. खंबाटकी घाट चढताना पुन्हा वर. लाल पट्ट्यात अजून गेलेला नाही. फॅन फिरल्याचा आवाज येतो. कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) बाटली ‘मॅक्स’च्याही वर भरलेली आहे, त्यामुळे पाणी कमी होतंय असंही म्हणता येत नाही.

गॅरेजमध्ये टेम्परेचर सेन्सर नवीन टाकला, फरक शून्य. आता दोन मतं पडली आहेत. एक मिस्त्री म्हणतो थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाका आणि फॅन डायरेक्ट, म्हणजे बटनावर करा. दुसरा म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, इंजिन खोलावं लागेल. या दोन्हींच्या आधी घरी काय काय तपासता येईल? मल्टिमीटर आहे, ब्लूटूथचं ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातले आकडे मोबाइलवर दाखवणारं) आहे आणि साधे पाने आहेत.

पानापकड

इंजिन खोलायची भाषा आत्ताच नको. आधी एकच गोष्ट ठरवा : पाणी खरंच गरम-गार होतंय की फक्त काटा हलतोय?

यासाठी काटा किती वेगाने हलतो ते बघा. या आकाराच्या इंजिनात चार-साडेचार लिटर कूलंट असतं आणि त्याच्याभोवती ऐंशी-शंभर किलो धातू. एवढा ऐवज एका सेकंदात वीस अंशांनी गारही होत नाही आणि गरमही होत नाही. काटा डोळ्यादेखत टुणकन उडी मारत असेल तर एक तर वायरिंग, नाही तर सेन्सरच्या टोकावरून पाण्याऐवजी हवेचा बुडबुडा जातोय. अर्ध्या-एका मिनिटात सावकाश चढत-उतरत असेल तर पाणी खरोखर तापतंय. तुम्ही ‘कधी हळूहळू, कधी झटकन’ लिहिलंय, म्हणजे दोन्ही चालू आहे. धागा तिथूनच पकडायचा.

दुसरं, डॅशबोर्डवरच्या काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम सुस्त केलेला असतो. पाणी साधारण ऐंशीपासून शंभरच्या पुढेपर्यंत कुठेही असलं तरी काटा मध्यावरच ठेवायचा, म्हणजे गिऱ्हाईक घाबरत नाही. अशा गाडीत काटा हलायला लागला याचा अर्थ आतला फरक बराच मोठा आहे. म्हणून डोंगल लावा, अ‍ॅपमध्ये ‘कूलंट टेम्परेचर’ घ्या (पीआयडी ०५) आणि आलेख चालू ठेवून वीस मिनिटं ट्रॅफिकमध्ये फिरवा. मोबाइल बघायला शेजारी कोणीतरी बसवा.

आलेख सरळ आणि काटा नाचतोय, तर दोष मीटरमध्ये किंवा मीटरच्या वायरिंगमध्ये. दोन्ही एकत्र नाचतायत, तर सेन्सर, त्याची वायर किंवा पाणी. तिसरा साक्षीदार म्हणून इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर उत्तम. मात्र तो चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर रोखू नका, आकडा कमी दाखवतो. थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर रोखा.

निरोगी गाडीत आलेख कसा दिसतो ते लक्षात ठेवा. गार अवस्थेतून सरळ चढतो, थर्मोस्टॅट पहिल्यांदा उघडला की रेडिएटरमधलं गार पाणी आत आल्यामुळे चार-पाच अंशांचा एक खड्डा पडतो, मग स्थिर होतो. उभ्या गाडीत, एसी बंद असताना, साधारण ९५-९८ ला फॅन लागतो आणि ९०-९२ ला बंद होतो. नेमके आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात, पण ही सहा-सात अंशांची करवत म्हणजे बिघाड नव्हे.

आता कुठल्या परिस्थितीत चढतो यावरून अंदाज. उभं राहिल्यावर चढतो आणि गाडी चालू लागली की उतरतो : फॅन. वेगात किंवा चढावर चढतो, ट्रॅफिकमध्ये ठीक : रेडिएटर आतून क्षाराने किंवा बाहेरून मातीने बुजलाय, थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही किंवा खालचा होज पंपाच्या ओढीने चपटा होतोय. हायवेला किंवा घाट उतरताना ७० च्या खाली जातो : थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. कुठेही, कसाही, नियम नाही : हवा किंवा वायरिंग.

फॅनबद्दल एक बारीक गोष्ट. ‘आवाज येतो’ एवढ्याने तो सुटत नाही. फॅनला दोन स्पीड असतील तर हळू स्पीडचा रेझिस्टर जळालेला असू शकतो. मग फॅन ९६ ला लागतच नाही, एकदम १०२-१०५ ला पूर्ण वेगात लागतो, पाणी ९३ वर आणतो आणि थांबतो. काटा वरखाली! सोबत ट्रॅफिकमध्ये एसी नीट गार करत नाही, ही त्याची खूण. तपासायला एसी लावा, हळू स्पीड लगेच लागली पाहिजे. मग एसी बंद करा आणि इंजिन चालू असताना सेन्सरचा कनेक्टर काढा. बहुतेक ईसीयू (इंजिनचा संगणक) सुरक्षिततेसाठी फॅन पूर्ण वेगात लावतात. लागला तर मोटर, रिले, फ्यूज तिन्ही ठीक. चेक इंजिन दिवा लागेल, तो डोंगलने पुसता येतो.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं : बाटली भरलेली आहे म्हणजे रेडिएटर भरलेला आहे असं नाही. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, रेडिएटरची कॅप उघडा आणि पाणी कुठवर आहे ते सांगा. गरम असताना कॅपला हात लावायचा नाही. वरचा होज हाताने सहज दाबता येईपर्यंत थांबायचं. आणि बऱ्याच गाड्यांत फॅन चावी बंद असतानाही फिरतो, बोटं सांभाळा.

वायरमन_नाशिक

सेन्सर बदलून फरक नाही म्हणजे वायरिंग निर्दोष ठरत नाही. फक्त जुना सेन्सर निर्दोष होता एवढंच ठरलं. वायरिंगचं काम दहा मिनिटांचं आहे, उरकून घ्या.

इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर चालू. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर (क्लॅम्पवर नको, शिशाच्या खांबावरच), दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. ०.१ व्होल्टच्या आत असायला हवं. जास्त आलं तर अर्थिंगची पट्टी (इंजिन बॅटरीच्या मायनसला जोडणारी) सोडा, दोन्ही बाजूंची जागा पॉलिश पेपरने घासा आणि परत घट्ट करा. कोकणातल्या गाड्यांत ही पट्टी वरून चांगली दिसते आणि आवरणाखाली हिरवी भुकटी झालेली असते. लाइट किंवा ब्लोअर लावल्याबरोबर काटा हलतो का, हेही बघा. हलला तर नव्वद टक्के अर्थिंगच.

नंतर सेन्सर. दोन वायरचा असतो, गरम झाला की रेझिस्टन्स कमी होतो. गार इंजिनवर कनेक्टर काढून दोन पिनांमध्ये मोजा. नेहमीच्या सेन्सरमध्ये २० अंशांला साधारण अडीच किलोओहम, ३० ला १.७ च्या आसपास, ४० ला १.१५, ८० ला ३२० ओहम आणि १०० ला १९० च्या आसपास मिळतात. थोडा फरक चालतो. आकडा दुप्पट किंवा निम्मा आला तर चुकीचा सेन्सर बसवलाय. काउंटरवर ‘हाच लागतो’ म्हणून दिलेला, दिसायला तोच, चुड्या त्याच, पण रेझिस्टन्स वेगळा, असं होतं. मग ईसीयूला पाणी कायमचं दहा-पंधरा अंश कमी किंवा जास्त वाटतं.

इंजिन आयडलला ठेवा, डोंगलवर आकडा बघत कनेक्टर आणि वायरचा जुडगा हलवा. वायर तुटत असेल तर आकडा उणे ४० च्या दिशेने कोसळतो, शॉर्ट होत असेल तर अशक्य इतका वर जातो. काही ईसीयू मात्र त्या वेळी स्वतःचाच ठरलेला आकडा दाखवतात, म्हणून डोंगलने बिघाडाचे कोडही वाचा. पी०११८ म्हणजे सर्किट उघडं, पी०११७ म्हणजे शॉर्ट, पी०११९ म्हणजे मधूनमधून तुटतंय. पी०१२८ आला तर तो वायरिंगचा नाही, पाणी वेळेत तापत नाही अशी ती तक्रार आहे. थर्मोस्टॅट बघायचा.

निळी_हॅचबॅक

दोघांचे आभार. आकडे देतो.

अर्थिंग : सगळा लोड चालू असताना ०.०४ व्होल्ट. सेन्सर : सकाळी ३० अंशांना १.७ किलोओहम. जुडगा हलवून काही होत नाही, कोड एकही नाही. फॅन एसीवर लगेच लागतो, कनेक्टर काढल्यावर पूर्ण वेगात लागतो.

ओबीडी आणि काटा दोन्ही एकत्र हलतात. हायवेला ८४-८६. उभ्या गाडीत बराच वेळ ९६ ला फॅन लागून ९१ ला बंद, अगदी नियमित. मग मध्येच चार-पाच सेकंदांत ९६ वरून ७९, आणि तिथून थेट १०४. पुन्हा दहा मिनिटं शांत.

कॅप उघडली. पाणी दिसतच नाही! बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा. गळ्यापर्यंत भरायला पाऊण लिटर लागलं. वरचा होज सकाळी चपटा झालेला नव्हता. पाणी साधंच वाटतंय, किंचित हिरवट आणि थोडं गंजकट. हीटर लावला तर आयडलला वारा गार येतो, रेस दिली की गरम. डॅशबोर्डमागे चालू करताना खळखळ आवाज येतो.

आणखी एक. गाडीला बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलेलं आहे. अलीकडे चालता चालता मध्येच आपोआप पेट्रोलवर जाते. हे वेगळंच दुखणं असेल ना?

रिड्यूसर_ठाणे

वेगळं नाही. तेच दुखणं आहे, आणि सीएनजीनेच पत्ता दिलाय.

सिलिंडरमध्ये भरताना गॅस २०० बारवर असतो. रिड्यूसर, म्हणजे किटमधला दाब कमी करणारा भाग, तो दोन बारच्या आसपास उतरवतो. दाब असा एकदम उतरला की गॅस प्रचंड गार होतो, म्हणून इंजिनचं गरम पाणी रिड्यूसरमधून फिरवलेलं असतं. हीटरच्या दोन होजमध्ये ‘टी’ (तीन तोंडांचा जोड) टाकून ती लाइन काढतात. गरम पाणी येईनासं झालं की रिड्यूसरचं तापमान पडतं, आणि ते ठरवलेल्या आकड्याखाली गेलं (बहुतेक किटमध्ये ३५-४० अंशांच्या आसपास) की किटचा ईसीयू गाडी पेट्रोलवर टाकतो. पुढच्या वेळी पेट्रोलवर गेली की बॉनेट उघडून रिड्यूसरला हात लावा. इंजिन ९० अंशांवर आणि रिड्यूसर गार, वर दव किंवा पांढरं बर्फ, असं दिसलं तर त्यात पाणी नाही, हवा आहे.

म्हणजे सर्किटमध्ये हवा आहे हे तीन बाजूंनी ठरलं : काट्याच्या उड्या, आयडलला गार हीटर, पेट्रोलवर जाणारी गाडी. ७९ आणि १०४ चं गणितही त्यातच आहे. बुडबुडा सेन्सरच्या टोकापाशी आला की टोक पाण्याबाहेर राहतं आणि आकडा खोटा खाली जातो. तेवढ्या वेळात हेडमधलं पाणी फिरत नाही म्हणून तापतं. बुडबुडा सरकला की ते तापलेलं पाणी सेन्सरवर येतं : १०४. तो वरचा आकडा खरा आहे, त्याला हलक्यात घेऊ नका.

खरा प्रश्न पुढे आहे. रेडिएटर रिकामा आणि बाटली भरलेली, हे झालं कसं? पाणी तापलं की फुगतं, कॅपची मोठी स्प्रिंग उघडते, जादा पाणी बाटलीत जातं. गार होताना रेडिएटरमध्ये निर्वात तयार होतो आणि कॅपच्या मधली छोटी झडप तेच पाणी परत ओढते. तुमच्याकडे जाणं होतंय, परत येणं होत नाही. याची कारणं मोजकी आहेत.

एक, छोटी झडप चिकटली. मग निर्वात तसाच राहतो आणि सकाळी वरचा होज चपटा झालेला सापडतो. तुमचा चपटा नाही, म्हणून संशय कमी. तरी कॅपचं रबर बघा. चिरा असतील, मधली टिकली नखाने ओढून सुटत नसेल, तर बदला. कॅपवर दाब छापलेला असतो, ०.९ किंवा १.१. तोच आकडा घ्यायचा. कॅपने दाब धरला नाही तर पाणी लवकर उकळतं. साधं पाणी समुद्रसपाटीला शंभराला आणि महाबळेश्वरला ९५-९६ लाच उकळतं, ०.९ च्या कॅपखाली तेच ११८ च्या पुढे जातं.

दोन, गार होताना दुसरीकडून हवा ओढली जातेय. बाटलीतून पाणी वर ओढण्यापेक्षा ढिल्या क्लिपमधून हवा ओढणं सोपं. ही गळती मजेदार असते : गरम असताना रबर फुगून बसतं, थेंबही पडत नाही, गार झाल्यावर आत हवा घेते. त्यामुळे ‘कुठेच गळत नाही’ हे गॅरेजचं उत्तर खरं असूनही उपयोगाचं नसतं. बाहेरून बसवलेल्या किटच्या गाडीत पहिला संशय त्या दोन ‘टी’वर आणि रिड्यूसरच्या दोन नळ्यांवर. स्वस्तातले प्लॅस्टिकचे ‘टी’ उन्हाळ्या-हिवाळ्यात कडक होऊन तडकतात. वायरसारख्या बारीक क्लिपा होजमध्ये रुततात. टॉर्च घेऊन बघा, क्लिपच्या कडेला पांढरी किंवा हिरवट खपली असेल तर जागा सापडली. पितळी ‘टी’ घाला, होजच्या आतल्या मापाचा (बऱ्याच छोट्या गाड्यांत १६ मिलिमीटर, पण मोजून घ्या), आणि स्क्रूची रुंद पट्टीची क्लिप.

तीन, रेडिएटरच्या गळ्यापासून बाटलीकडे जाणारी बारीक नळी. गळ्यापाशी ती चिरलेली असली तर पाणी जाताना थोडंच गळतं, परत येताना मात्र हवाच येते.

चार, हेड गॅस्केट. जळलेला गॅस पाण्यात घुसतो आणि पाणी बाटलीकडे ढकलतो. हे नाकारूनच पुढे जा, गृहीत धरू नका. सकाळी गार इंजिन, रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला, कॅप उघडी. चालू करा. सुरुवातीला चार बुडबुडे येतील, ती अडकलेली हवा. दोन-तीन मिनिटांनंतरही येतच राहिले आणि रेस दिल्यावर वाढले तर लक्षण वाईट. दुसरी खूण : कॅप लावून चालू केल्यावर मिनिटभरातच, पाणी अजून कोमट असताना, वरचा होज दगडासारखा कडक होतो. पाणी तापण्याआधी एवढा दाब येतो कुठून? इंजिनच्या सिलिंडरमधूनच.

पक्कं करायला ब्लॉक टेस्टचं निळं द्रावण मिळतं. रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून आतली हवा त्यातून ओढायची. पेट्रोल आणि सीएनजीला निळ्याचं पिवळं झालं तर गॅस आत येतोय. रेडिएटरमधलं पाणी आधी पाच सेंटिमीटर खाली घ्या. ते द्रावणात ओढलं गेलं तर चाचणी वाया जाते. ऑइल दुधाळ नाही म्हणून गॅस्केट चांगलं, हा समज सोडा. गॅस्केट फक्त सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेमध्ये फुटलं तर ऑइल स्वच्छच राहतं.

आणखी एक, रिड्यूसर कुठे बसवलाय? तो रेडिएटरच्या कॅपपेक्षा खाली हवा. वर असेल तर सर्किटमधली सगळी हवा तिथेच जाऊन बसणार, कितीही वेळा काढा. फक्त पाण्याच्या होजना हात लावा. गॅसची लाइन किंवा रिड्यूसर हलवायचा असेल तर काम किटवाल्याचं, घरी नाही.

घाटमाथा

वर थर्मोस्टॅट काढायचा सल्ला आलाय, त्याबद्दल. हा सल्ला आपल्याकडे इतका रुळलाय की अर्ध्या जुन्या गाड्या थर्मोस्टॅटशिवाय फिरतात. त्याने काटा खाली येतो म्हणून गिऱ्हाईक खूश. इंजिन मात्र हिवाळ्यात ६०-६५ वर राहतं, ईसीयूला वाटतं अजून गारच आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. अ‍ॅव्हरेज पडतं, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं, सीएनजीवर जायला उशीर होतो.

आणि घाटात उलटाच परिणाम होऊ शकतो. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला मागे एक दुसरी चकती असते. तो उघडला की ती बायपासची वाट बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. अख्खा थर्मोस्टॅट काढला की बायपास कायम उघडा. गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरकडे न जाताच परत इंजिनात. मैदानात गाडी गार, कशेडी किंवा आंबा घाट चढताना तीच गाडी तापते, मग रेडिएटर बदला, पंप बदला सुरू होतं.

संशय असेल तर थर्मोस्टॅट काढून स्वयंपाकाच्या गॅसवर तपासा. त्यावर उघडायचा आकडा छापलेला असतो, बहुधा ८२ किंवा ८८. गार असताना झडपेच्या फटीत दोरा अडकवा, दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका. पाणी सावकाश तापवा, थर्मामीटर सोबत. दोऱ्यावरून सुटून खाली पडला तो उघडण्याचा क्षण. छापील आकड्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे चालतं. त्यापुढे दहा-बारा अंशांवर तो पूर्ण उघडायला हवा, साधारण ८ मिलिमीटर. मग गार पाण्यात टाकून पूर्ण मिटतो का बघा. बसवताना हलणारी बारीक पिन वरच्या बाजूला, हवा तिथूनच निघते. घराचे बोल्ट बहुधा १० नंबरच्या पान्याचे असतात, १० न्यूटन-मीटर पुरे. पान्यावर वजन टाकलं की अ‍ॅल्युमिनियमच्या चुड्या गेल्याच.

‘फॅन डायरेक्ट’बद्दल एवढंच : रिलेऐवजी बटन टाकलं की एक दिवस ते लावायला विसरणार.

दुरुस्तीआधी घाट चढावाच लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात. खालच्या गिअरमध्ये इंजिन अडीच हजारांच्या आसपास फिरू द्या, वरच्या गिअरमध्ये घुसमटवू नका. पंपही इंजिनबरोबरच फिरतो. काटा लालकडे सरकला तर बाजूला घेऊन बंद करा. तापलेल्या इंजिनावर किंवा आत गार पाणी ओतू नका, हेड वाकतं.

निळी_हॅचबॅक

सापडलं बहुतेक. हीटरकडून रिड्यूसरला जाणाऱ्या ‘टी’च्या एका टोकाला क्लिपखाली पांढरट-हिरवी खपली आहे, आणि होज हाताने फिरवला तर फिरतोय. बारीक नळी ठीक आहे. ब्लॉक टेस्ट शेजारच्या गॅरेजवाल्याकडून करून घेतली, द्रावण निळंच राहिलं. गार इंजिनवरचे बुडबुडे दोन मिनिटांत थांबले. रिड्यूसर कॅपपेक्षा खाली आहे.

पितळी ‘टी’ आणि क्लिपा आणल्या. कूलंटही बदलूनच टाकतो. किती घ्यायचं, आणि हवा पूर्ण कशी काढायची? रेडिएटर स्वच्छ करायची पावडर किंवा गळती बंद करायची पुडी टाकू का?

पानापकड

पुडी अजिबात नको. ती फट आणि वाट यात फरक करत नाही. हीटरच्या आणि रिड्यूसरच्या बारीक वाटा आधी बंद होतील. पावडरही नको. गंजकट पाणी आहे तर डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुणं पुरेल : खालचा ड्रेन उघडून काढा, भरा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, पूर्ण गार होऊ द्या, परत काढा. बोअरचं पाणी या कामालाही वापरू नका, क्षार तिथूनच येतात. काढलेलं कूलंट उघड्यावर ओतू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

मापाची गोम अशी की ड्रेनमधून सगळं निघत नाही. साडेचार लिटरच्या सर्किटमधून तीनच्या आसपास निघतं, दीड लिटर पाणी ब्लॉकमध्येच राहतं. त्यात तयार ५०-५० कूलंट ओतलं तर मिश्रण ३३ टक्क्यांवर येतं. म्हणून कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घ्या : सव्वादोन लिटर कॉन्सन्ट्रेट आधी, वर पाऊण लिटर डिस्टिल्ड. आतल्या दीड लिटरसह बरोबर निम्मं-निम्मं. तुमच्या गाडीची खरी क्षमता मॅन्युअलमध्ये बघून हाच हिशेब करा. डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ (कूलंटची मानकं) लिहिलंय का पाहा. रंगावर भरवसा ठेवू नका, मॅन्युअलमध्ये जो प्रकार सांगितलाय तोच घ्या आणि दोन प्रकार मिसळू नका.

हवा काढायला गाडीचं तोंड चढावर घ्या, पुढची चाकं वीतभर उंच झाली तरी पुरे. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर. थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा हीटरच्या होजवर एअर काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा. नसेल तर रिड्यूसरच्या वरच्या होजची क्लिप ढिली करून होज किंचित सरकवा, पाणी आलं की परत बसवा. हे इंजिन बंद आणि गार असतानाच. भरताना धार बारीक ठेवा, भसकन ओतलं की हवा खाली दाबली जाते.

मग कॅप न लावता पेट्रोलवर चालू करा. पातळी खाली जाईल तशी भरत राहा, मधूनमधून दोन्ही होज हाताने पिळा. आयडलवर हीटरमधून सलग गरम वारा यायला लागला आणि रिड्यूसरचे दोन्ही होज सारखे गरम लागले की आतली हवा गेली. फॅन लागायच्या आतच, पाणी तोंडाशी फुगून यायला लागलं की कॅप लावा. मग फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवा आणि त्यानंतरच सीएनजीवर टाका. बाटली आधी रिकामी करून धुवा आणि ‘मिन’ व ‘मॅक्स’च्या मध्ये भरा. तिच्या झाकणातून येणारी नळी तळापर्यंत पोचली पाहिजे, तुकडा पडलेला असेल तर ती पाण्याऐवजी हवाच ओढेल.

पहिला आठवडा रोज सकाळी, गार असताना, कॅप उघडून बघा. पहिल्या दोन-तीन दिवसांत कपभर कमी होणं साहजिक आहे, राहिलेली हवा निघते. त्यानंतर गळ्यापर्यंत भरलेलं राहिलं, ओबीडीवर ९१ ते ९६ ची करवत नियमित आली आणि गाडी सीएनजीवर टिकली तर काम झालं. पातळी परत घसरली तर सर्किटला हातपंपाने कॅपवरच्या आकड्याएवढाच दाब देऊन पंधरा मिनिटं ठेवायला सांगा, तेही गार इंजिनवर. आणि वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकापाशी ओल किंवा डाग आहे का बघा. ते भोक बंद करायचं नसतं, तिथून गळायला लागलं म्हणजे पंपाचं सील गेलं.